डावी मांडी झाली, उजवी बाकी

सोमवार, ५ ऑगस्ट

आई शनिवारी ऑकलंडहून परत येतेय. ताईच्या बाळंतपणाला गेली होती, ती तिथेच रमली. इथे घर कसं मोकळं मोकळं वाटत होतं. आता पुन्हा शिस्त. माझी काही तक्रार नाही, मला शिस्त आवडते.

एक छोटासा विषय तिच्या कानावर घालायचा आहे. विमानतळावरच सांगून टाकणार. एक घाव, दोन तुकडे. ठरलं.

मंगळवार, ६ ऑगस्ट

विषय इथे नीट मांडून ठेवतो, म्हणजे ऐनवेळी जीभ अडखळणार नाही.

जाताना आई म्हणाली होती, फेरेती, तिशी उलटली तुझी, या वयात तुझ्या बाबांच्या अंगावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदलेली पेआ होती. मी परत येईन तेव्हा तुझ्या अंगावर दिसली पाहिजे. नुसता हुकूम सोडून ती थांबली नाही. तुफुंगा, म्हणजे गोंदणारे उस्ताद, सवाई बेटावर राहतात. बोटीने जाऊन त्यांना स्वतः मानपान देऊन आली. पेआ एकट्याने गोंदून घेत नाहीत, म्हणून मावसभाऊ पेलेनातोला माझा जोडीदार नेमलं. मग विमानात बसली.

तर पेआ सुरू झालेली आहे. पाठ पूर्ण. डावी मांडी पूर्ण, आणि माझी आहे म्हणून म्हणत नाही, पण देखणी झालीय. उजवी मांडी बाकी आहे. बेंबीभोवतीचं बाकी आहे. थोडक्यात, काम प्रगतिपथावर आहे. गावात याला अर्धी टाकलेली पेआ म्हणतात. अर्धी टाकली की त्या माणसाने गावात तोंड दाखवू नये, त्याच्या आईबापांनी मान वर करू नये, वगैरे वगैरे. लोकांना प्रगतिपथ कळत नाही, त्याला मी काय करणार?

मंगळवार, जेवणानंतर

पेलेनातो सांगत सुटलाय की मी लघवीला जातो म्हणून उठलो तो थेट परतीच्या बोटीत दिसलो. हे अर्धसत्य आहे. लघवी खरोखर लागली होती. शिवाय त्याच दिवशी दुकानात खिळ्यांचा माल यायचा होता. हार्डवेअरच्या दुकानात असिस्टंट मॅनेजर (तात्पुरता) असणं म्हणजे काय, ते नारळ सोलणाऱ्या माणसाला कळायचं नाही. दुखण्याचा प्रश्नच नव्हता. हाडाच्या दातऱ्या कंगव्यावर हातोडी मारतात, दोघेजण कातडी ताणून धरतात, यात दुखण्यासारखं फारसं काही नसतं. मी ओरडलो तो कंटाळ्यामुळे.

तो स्वतः मात्र पूर्ण करून आला. हल्ली लुंगी इतकी वर खोचून हिंडतो की बघवत नाही.

फोनवर आईने विचारलं होतं, पेआ झाली का? मी म्हणालो, झाली. पूर्ण झाली का, असं तिने विचारलंच नव्हतं. फोटोही पाठवला होता. डाव्या बाजूने.

शनिवार, १० ऑगस्ट

सांगितलं नाही. विमानतळ ही जागाच अशा गोष्टींची नव्हे.

आई बाहेर आली ती ट्रॉलीवाल्याला झापतच. माझ्याकडे बघितलं, पायापासून वर. म्हणाली, चालतोस तर बरा. मग म्हणाली, दाखव. तिथे, भर पार्किंगमध्ये! मी म्हणालो, आई, जखमा भरतायत, तुफुंगांनी बजावलंय की महिनाभर बाईमाणसाची नजर पडू द्यायची नाही. हे मला जागच्या जागी सुचलं. आई म्हणाली, असला नियम मी तरी ऐकला नाही. तिच्या स्वतःच्या मांड्यांवर बायकांचं गोंदण आहे. एका बैठकीत काढून घेतलं, हूं की चूं नाही. उलट, दुखणं विसरावं म्हणून गाणाऱ्या बायकांना मध्येच थांबवून त्यांचा सूर दुरुस्त केला होता म्हणे. मी म्हणालो, नवीन नियम आहे.

टॅक्सीवाल्याला कसला तरी ठसका लागला. आई पुढे त्याच्या शेजारी बसली, मी मागे सामानात. खिडक्या उघड्या, त्यामुळे पुढचं काही ऐकू येत नव्हतं. पण घर येईपर्यंत दोघांच्या गप्पा रंगल्या होत्या. बोलका होता टॅक्सीवाला.

उतरल्यावर आई म्हणाली, फेरेती, तुला मला काही सांगायचंय का? मी म्हणालो, हो, तुझी निळी बॅग कोपऱ्यात उसवलीय.

रविवार, ११ ऑगस्ट

एक अडचण उद्भवली आहे.

चर्चच्या नवीन सभागृहाचं उद्घाटन चोवीस तारखेला. आजूबाजूच्या गावांचे सगळे मानकरी येणार. आज उपासनेनंतर कामांची वाटणी जाहीर झाली. मानकऱ्यांपुढे आवाची, म्हणजे मानाच्या पेयाची, वाटी कोण नेणार? फेरेती! आई ऑकलंडमध्ये असतानाच फोनवर ठरवून मोकळी झाली होती, माझा मुलगा आता पेआवाला आहे म्हणून.

आवा नेणारा वरून उघडा असतो आणि लुंगी थेट जांघेपर्यंत खोचलेली असते. दोन्ही बाजूंनी.

मी आईकडे बघितलं. ती भजनाच्या पुस्तकात बघत होती. पुस्तक बंद होतं.

आता सांगायलाच हवं. आजच. पण आज रविवार, आणि रविवारी काम करायचं नसतं. आपला धर्म आहे.

सोमवार, १२ ऑगस्ट

महिला समितीची घरतपासणी. आई गळ्यात शिट्टी अडकवून निघाली. कुणाची चूल झाडलेली नाही, कुणाच्या अंथरुणाला उन्हं दाखवलेली नाहीत, सगळं बघते. ती आली म्हणून शेजारच्या मानकऱ्याने, पन्नाशीचा माणूस, सिगारेट पाठीमागे लपवली आणि स्वतःचा शर्ट जाळून घेतला. 

तीस वर्षं रविवारची शाळा चालवली तिने. पाठांतर चुकलं तर हिराच्या झाडूचा एक फटका. खोटं बोललं तर मोजायची बंद व्हायची. गावातला एकही कर्ता पुरुष असा नाही की ज्याने आईचा झाडू खाल्लेला नाही.

अशा बाईला काही सांगायचं तर मुहूर्त बघायला हवा. घाई करणं हा मूर्खपणा आहे.

बुधवार, १४ ऑगस्ट

मध्यस्थ घालायचा असं ठरवलं. पाळकांकडे गेलो. म्हणालो, माझा एक मित्र आहे, त्याची पेआ काही तांत्रिक कारणांमुळे अर्धी राहिलीय, आणि आई कडक आहे, तर त्याच्या वतीने कुणीतरी मोठ्या माणसाने सांगितलं तर? पाळकांनी कोकोचा कप खाली ठेवला. म्हणाले, मित्राला सांग, तुझी आई काल इथे येऊन गेली. ती म्हणाली, कुणीही मध्ये पडायचं नाही, पोराने स्वतः सांगायचं.

पाळक आता थकले. माझ्या मित्राची आई त्यांच्याकडे कशी येईल? मित्र मुळात नाहीच.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर आई बाबांची गोष्ट सांगत बसली. लग्नाआधी बाबांनी माझ्या आजोबांची होडी न विचारता नेली आणि खडकावर फोडली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी दिवस मावळायच्या आत स्वतः येऊन दारात बसले आणि म्हणाले, मी फोडली. आजोबांनी त्यांना बडव बडव बडवलं आणि मग मुलगी दिली. आई म्हणाली, मार किती खाल्ला ते आज कुणाच्या लक्षातही नाही बघ. सांगायला आला, तेवढंच लक्षात आहे.

मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

बाबांची आठवण येतेय बिचारीला. मी म्हणालो, आई, आता होड्या फायबरच्या मिळतात. ती उठून आत गेली.

रविवार, १८ ऑगस्ट

आजचा मुहूर्त पक्का होता. दुपारचं जेवण झालं की माणूस मवाळ होतो. भट्टीतलं डुक्कर, तारोचे कंद, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. आईला मी स्वतः वाढलं. तिचं पोट भरलं, की मी सुरुवात करणार. सोबत म्हणून मीही थोडं जेवलो.

जाग आली तेव्हा संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजत होता. आईने माझ्या तोंडावर माशा बसू नयेत म्हणून फडकं टाकलं होतं.

मंगळवार, २० ऑगस्ट

सांगण्याची गरजच नाही! एवढी साधी गोष्ट आधी सुचू नये?

मी आडवा चालणार. डावी मांडी पुढे, उजवी मागे. मानकऱ्यांना फक्त डावी बाजू दिसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची. वाटी दोन्ही हातांत धरून खेकड्यासारखं सरकायचं. घरी आरशासमोर करून बघितलं, रुबाबदार दिसतं. जुनी पद्धत आहे म्हणून सांगता येईल.

मंगळवार, तालीम झाल्यावर

मानकरी गोलाकार घरात बसतात. भिंती नाहीत, नुसते खांब, आणि प्रत्येक खांबाला एक मानकरी टेकलेला. मी डावी बाजू इकडच्यांना दाखवली की उजवी तिकडच्यांना. वळलो की उलट. पेलेनातो खांबाला धरून हसत होता. म्हणाला, लेका, गोल घराला बाजू असते होय? एकतीस वर्षं हेच घर बघत वाढलास ना तू?

तालमीला पॅन्ट घातली होती, हे नशीब.

बुधवार, २१ ऑगस्ट

उद्या नक्की.

गुरुवार, २२ ऑगस्ट

आज नवीन मार्ग. काजळी आणि खोबरेल. पेलेनातोला पटवला. आधी नाही म्हणाला, मग हसायला मिळेल म्हणून तयार झाला. तुफुंगाही काजळीच वापरतात, फक्त ते आत घालतात, आम्ही वर लावणार. तत्त्व एकच. दुपारभर बसून त्याने माझ्या उजव्या मांडीवर पेआ काढली, नारळाच्या हिराने. नक्षीतले वटवाघळाचे पंख जरा कोंबडीसारखे आले, पण लांबून चालून जातं. वाळल्यावर मी पॅन्ट न घालता लुंगी नेसलो. वारा लागायला हवा.

इतक्यात शंख झाला. प्रार्थनेला बसलो, मांडी घालून, आईच्या समोर. आईची पांढरी चटई, पाहुण्यांसाठी काढलेली. आज प्रार्थना लांबली. आईने खोटं न बोलण्याबद्दलचा एक संपूर्ण अध्याय वाचला. उकडत होतं. उठलो तर चटईवर निम्मी पेआ. कोंबडीसकट.

आईने चटईकडे बघितलं. मग बादली घेऊन आली, साबण घेऊन आली आणि घासायला लागली. मी म्हणालो, भांड्याची काजळी लागली वाटतं. ती म्हणाली, हो, भांड्याचीच.

वाचलो. डोळे कमी झालेत तिचे. चष्म्याचं बघायला हवं.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

आईने बाबांची झाडाच्या सालीची लुंगी पेटीतून काढली, हाताने सरळ केली, माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, उद्याच्या कामात काही अडचण नाही ना? मी म्हणालो, सगळं कंट्रोलमध्ये आहे. ती म्हणाली, फेरेती, अजून आजचा दिवस हातात आहे. मी म्हणालो, हो ना, तयारीला भरपूर वेळ आहे.

खरं तर सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती लुंगीवरून हात फिरवत बसली होती, आणि तिचा चेहरा असा होता की... नको. दुखावली असती. शेवटी मी हे सगळं तिच्यासाठीच करतोय.

उद्या पाय मुरगळणार. उजवा.

शनिवार, २४ ऑगस्ट, सकाळी

पाय मुरगळण्याचा प्रयत्न केला. पायरीवरून तीनदा उडी मारली. पाय माझा फार मजबूत आहे. चौथ्यांदा उडी मारताना शेजारचा मानकरी दात घासत बघत होता, त्यामुळे व्यायाम करतोय असं दाखवावं लागलं.

शनिवार, संध्याकाळी

जसं झालं तसं लिहितो.

मी आवाच्या घरात गेलोच नाही. मागे भट्टीपाशी थांबलो, म्हटलं सुरू होऊ दे, पुढचं पुढे. तिथे माणसं कमी पडली, म्हणून भाजलेलं डुक्कर खांद्यावर घेतलं आणि मदतीला लागलो. काम काही कमी महत्त्वाचं नाही ते.

गोल घरात सगळे मानकरी खांबाला टेकून बसलेले. आवा तयार झाला. माझ्या नावाचा पुकारा झाला. कुणी उठलं नाही. पुन्हा पुकारा झाला. बायकांच्या बाजूने आई उठली, वाकून पुढे गेली, जमिनीवर बसली, परवानगी मागितली. आणि तिच्या त्या शिट्टीसारख्या स्पष्ट आवाजात म्हणाली, माझ्या मुलाला ताप आलाय. अंथरुणाला खिळलाय. त्याच्या जागी माझ्या बहिणीचा मुलगा वाटी नेईल. क्षमा असावी.

मी समोरच होतो. वीस पावलांवर, डुक्कर खांद्यावर, घामाने निथळत. सगळ्या मानकऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं. एकही हसला नाही. सगळ्यांत म्हाताऱ्या मानकऱ्याने मान हलवली आणि म्हणाला, देव त्याला लवकर बरं करो. मग पेलेनातो उठला, लुंगी खोचली आणि वाटी घेतली. दोन मांड्या. दोन्ही काळ्याभोर.

पाहुणे गेल्यावर आई मागच्या पडवीत भांडी घासत होती. मी गेलो. प्रस्तावना तयार होती, कामाचा ताण, खिळ्यांचा माल, सगळं. पण तोंडातून एवढंच आलं, आई, पेआ अर्धी आहे.

ती घासत राहिली. म्हणाली, ठाऊक आहे. टॅक्सीतच कळलं. घर येईपर्यंत त्याने अगदी लघवीपासून सांगितलं. मी म्हणालो, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, मांडी तुझी, पळालास तू, तोंड तुझं. मी का बोलू? वाट बघत होते. रोज वाटायचं, आज सांगेल.

मग तिने भांडं खाली ठेवलं.  काम अर्धं टाकताना मी आईला कधी बघितलेलं नाही, बाबा गेले तेव्हासुद्धा. म्हणाली, त्या खांबाखांबाला कोण बसलं होतं ते बघितलंस का? म्हातारे सोडले तर सगळी माझी पोरं. खोटं बोलला म्हणून एकेकाला फोडून काढलंय मी. त्यांच्यासमोर बसून खोटं बोलले आज. पहिल्यांदा. आणि एकही हसला नाही रे. हसले असते तर बरं झालं असतं.

 फार वाईट वाटलं. इतकं वाईट, की कारण शोधायचंही लक्षात आलं नाही.

थोड्या वेळाने ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, आता मला खोटं पाडायचं नाही. ताप आलाय म्हणाले ना मी? आलाय. आत जा आणि पड.

रविवार, २५ ऑगस्ट

अंथरुणात. अंगावर ऑकलंडची दोन लोकरी ब्लँकेटं. बाहेर उन्हाने वाळू तापलीय. सकाळ-दुपार-संध्याकाळ नोनूच्या फळाचा काढा. वास असा की डुकरंसुद्धा लांबून जातात. दुकानात आईने स्वतः फोन केला, आठवडाभर येणार नाही म्हणून. मॅनेजर म्हणाला म्हणे, चालेल, सावकाश येऊ दे. माझ्यावाचून त्यांची किती ओढाताण होत असेल.

चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना झाली. मग रांग. म्हातारा मानकरी पपई घेऊन आला, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, बराच आहे ताप. पाळक आले, म्हणाले, डोळे खोल गेलेत. शेजारचा तो जळक्या शर्टवाला म्हणाला, काल अंगणात उड्या मारत होतास, तेव्हाच मला वाटलं, डोक्यात चढलाय.

म्हणजे लोकांचा विश्वास बसलाय. गुपित अजून फुटलेलं नाही. ही मोठीच जमेची बाजू.

सोमवार, २६ ऑगस्ट

पेलेनातो येऊन बसला. आज हसला नाही, टोमणे नाहीत. जाताना म्हणाला, फेरेती, असं हातपाय न हलवता पडून राहणं तुला येतं की. सवाईला तेवढंच तर करायचं होतं.

याला मी उत्तर देणार होतो. पण काढ्याची वेळ झाली.

मंगळवार, २७ ऑगस्ट

आई दिवसभर उशाशी होती. माशा वारत होती आणि हळू गुणगुणत होती. आधी कळलं नाही, मग ओळखलं. गोंदताना बायका गातात ते गाणं. माझ्या वेळी सवाईला पेलेनातोची आई आणि मावश्या गायल्या होत्या. आपली आई नव्हती. मी विचारलं नाही, ती आपणहून म्हणाली, नातवासाठी गात होते तिकडे, इथे असायला हवं होतं. मग पुन्हा गायला लागली. एका ओळीला सूर चुकला, तर थांबली, आणि ती ओळ पहिल्यापासून घेतली.

मला रडू आलं. तापामुळे असेल.

बुधवार, २८ ऑगस्ट

ताप नाही.

आई म्हणते, आहे.